खेळणं, कारकून आणि साहेब

काकाजी गाण्याला चाल लावायचे तेव्हा बनियन आणि लुंगीवर असायचे. तेच गाणं मिक्सिंगला घ्यायचं झालं की उठून फुल शर्ट घालायचे, दोन्ही बाह्यांची बटणं लावायचे आणि मगच मागच्या खोलीत शिरायचे. मे महिन्यातसुद्धा. भंडाऱ्याकडचा मे महिना ज्यांनी काढला नाही त्यांना यातला त्याग कळायचा नाही. मी एकदा विचारलं, "काकाजी, तिथं तुमाले कोन पाहून राहिलं?"

"सिस्टर," ते म्हणाले, "साहेबाच्या केबिनमंदी बनियनवर जाते काय कोनी?"

साहेब म्हणजे एक कॉम्प्युटर होता.

कारध्याला नदीपासून चार गल्ल्या आत त्यांचं कौलारू घर होतं आणि त्या घरात तीन कॉम्प्युटर होते. प्रत्येकात गाण्याचा एकच प्रोग्राम, दुसरं काही नाही. समोरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरचं नाव खेळणं. त्यात रंगीत डबे मांडत गेलं की ढोलक, तबला, बासरी आपोआप वाजायची, म्हणून चाली त्याच्यावर बांधायच्या. बाजूच्या खोलीत, गाद्या आणि चादरी टांगून आवाज बंद केलेला, कारकून. हा गायकाचा आवाज लिहून घ्यायचा. जसा आला तसा, आपल्या पदरचं काही न घालता. आणि अंगण ओलांडून मागे, जिथे पूर्वी धानाची पोती असायची त्या खोलीत, साहेब. साहेब सगळी वाद्यं आणि आवाज एकत्र ऐकायचे, कोणाला खाली बसवायचे, कोणाला पुढे घ्यायचे, आणि शेवटी सही करायचे. काकाजी मिक्सिंग झालं असं कधी म्हणत नसत. सही झाली म्हणत.

या तिघांना वायरने जोडायची त्यांनी कोणाला परवानगी दिली नाही. गाणं एका प्रोग्राममधून दुसऱ्यात न्यायचं ते पेन ड्राइव्हवर, शर्टाच्या खिशात, चालत. अंगणात पेरूचं झाड होतं. त्याच्याखाली थांबून ते एक पेलाभर पाणी प्यायचे आणि पुढे जायचे. त्यातही चाल बांधल्यावर गाणं आठ दिवस तसंच ठेवायचं असा नियम होता. आठ दिवसांत कान ते विसरला पाहिजे, तरच साहेबासमोर नवीन म्हणून ऐकता येतं, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे ज्यांचं लग्न परवा असायचं ते लोक काकाजींकडे दुसऱ्यांदा येत नसत.

नोकरीत असताना ते पाटबंधारे खात्यात होते. पुलाच्या खांबावर पट्टी रंगवलेली असते, त्यावर पाणी किती चढलं ते वाचून वर कळवायचं, हे काम. तीसेक पावसाळे त्यांनी वैनगंगा वाचली. तरुणपणी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात ऑर्गन वाजवत, पण निवृत्त झाल्यावर गाण्यात पडले ते ऑर्गनमुळे नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. कॉम्प्युटरच्या पडद्यावर आवाजाबरोबर वर-खाली होणारा हिरवा पट्टा त्यांना कोणीतरी दाखवला आणि माणूस आपल्या ठिकाणी परत आला. पट्ट्याचं टोक लाल झालं की ते हात वर करायचे. "थांबा. धोक्याच्या वर गेलं पानी." गायक कितीही रंगात असला तरी गाणं तिथेच थांबायचं. आणि गाणं सगळ्यांना आवडलं, लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी काकाजींच्या तोंडून निघणारी सगळ्यात मोठी दाद म्हणजे, "हो. पानी पुलाखाली हाये."

माझी त्यांची ओळख कोरसमुळे झाली. मी भंडाऱ्याला दवाखान्यात नर्स. ड्यूटी संपली की पूल ओलांडून जायचं आणि लग्नाच्या, नाटकाच्या गाण्यांत मागून "आ" करायचा, असं सहा-सात वर्षं केलं. मागून आ करणाऱ्या बाईला कोणी नाव विचारत नाही. काकाजींनीही विचारलं नाही. सगळं जग म्हणतं तसं तेही सिस्टर म्हणायचे.

एकदा नागपूरहून एक तरुण आला होता, साउंडचं रीतसर शिकलेला. त्याने तिन्ही खोल्या पाहिल्या, पेरूचं झाड पाहिलं आणि फार सभ्यपणे म्हणाला, "अंकल, हे सगळं एकाच सॉफ्टवेअरमध्ये होतं. चाल, रेकॉर्डिंग, मिक्सिंग, सगळं."

"होते ना," काकाजी म्हणाले. "एकाच मान्सानं अर्ज लिहावा, त्यानंच टिपन ठेवावं, अन् त्यानंच मंजूर करावं. होते. मंग ऑफिस कायले पायजे?"

तो तरुण माझ्याकडे पाहू लागला. मी आ करणारी बाई. मी काय सांगणार. पण खरं सांगायचं तर मला काकाजींचं पटलेलं होतं. स्वतः बांधलेल्या चालीवर माणूस इतका भाळलेला असतो की तिची खोट त्याला त्याच खुर्चीत बसून ऐकू येत नाही. मी वॉर्डात रोज पाहते, आपल्या हाताने लावलेली सलाइन प्रत्येकीला सरळच दिसते.

आता आवक-जावकचं सांगायला हवं. जिल्हा फुटला आणि गोंदिया वेगळा झाला तेव्हा काकाजींच्या कचेरीतली कागदपत्रं वाटायचं काम त्यांच्याकडे आलं होतं. कुठली फाइल राहणार, कुठली जाणार, कोणत्या दिवशी, कोणाच्या हाती. त्यांच्या नोंदीप्रमाणे एकही कागद हरवला नाही आणि याचं श्रेय त्यांनी स्वतः न घेता जाड निळ्या पुठ्ठ्याच्या रजिस्टरला दिलं. तसंच रजिस्टर त्यांनी गाण्यांसाठी केलं. खेळण्याकडून जावक, साहेबांकडे आवक. तारीख, गाणं, वाद्य, गायक, शेवटी शेरा. शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द असायचा, "निकाली". पानंच्या पानं निकाली.

आणि हजेरी. एका प्रोग्राममधून गाणं दुसऱ्यात न्यायचं तर प्रत्येक वाद्य वेगळं काढून न्यावं लागतं आणि तिकडे पुन्हा एकाखाली एक मांडावं लागतं. काकाजींचा कायदा असा की प्रत्येक वाद्य गाण्याच्या अगदी पहिल्या ठोक्यापासून काढायचं. बासरी तीन मिनिटांनंतर एकदाच फुंकली असेल तरी तिची आधीची तीन मिनिटं, कोरी, सोबत न्यायची. म्हणजे मग साहेबांकडे सगळे एका रेषेत उभे राहतात, कोणी पुढेमागे होत नाही. मला वाटायचं, रिकामं कशाला वाहायचं.

"वाजो का न वाजो," ते म्हणायचे, "पह्यल्या ठोक्यापासून हजर पायजे. मुका असला म्हनून गैरहजर नाही होत मानूस."

साहेबांकडे सगळं मांडून झालं की ते रजिस्टर उघडून नावं पुकारायचे आणि मी पडद्यावर पाहून उत्तर द्यायचं. ढोलक? हजर. खंजिरी? हजर. बासरी? हजर. मी पन्नाशीला आलेली बाई, फुल शर्टातल्या एका म्हाताऱ्यासमोर उभी राहून बासरीच्या वतीने हजर म्हणायची. मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

माझे बाबा दिघोरीला. थोडं धान, चार शेळ्या, आणि साऱ्या आयुष्यात एकच हौस, जयंतीला विहारासमोर गायचं. त्यांचे वडील, म्हणजे माझे आजोबा, दीक्षेच्या वेळी दिघोरीहून नागपूरला चालत गेले होते, आणि त्या चालण्याचं त्यांनी एक गाणं केलं होतं. गाणं म्हणजे वाटेतल्या गावांची नावं. कुठे भाकर खाल्ली, कुठे कोणी पाणी दिलं, कुठे पाय धुतले. आजोबा ते नुसत्या खंजिरीवर म्हणत. ते गेले तेव्हा मी दहा वर्षांची होते. त्यांचा आवाज कुठे राहिला नाही. फोटो एक आहे, त्यात तोंड मिटलेलं आहे. बाबा दरवर्षी एकदा तरी म्हणायचे, "फोटो राह्यला, पन आवाज गेला. उलटं झालं असतं तं चाललं असतं."

हेच गाणं बाबा जयंतीला पस्तीस वर्षं गायले. मग मंडळातल्या पोरांनी ट्रॅकवर गाणारे बाहेरून आणायला सुरुवात केली. बाबांना कोणी वाईट बोललं नाही. नुसतं बोलावणं थांबलं. चार वर्षं ते मांडवात शेवटच्या खुर्चीवर बसून दुसऱ्यांची गाणी ऐकत होते आणि घरी येऊन जेवत नव्हते. माझा जीव तुटायचा. पाचव्या वर्षी हिवाळ्यात मी त्यांना उचललं आणि कारध्याला आणलं. म्हटलं, तुमचाही ट्रॅक करू.

काकाजींनी खेळण्यावर नुसती खंजिरी बांधली आणि बाबांना कारकुनासमोर बसवलं. बाबांनी विचारलं, "कसं गाऊ?"

"जसं गाता तसं. हा लिहून घेते. शुद्धलेखन तपासत नाही."

बाबा गायले. आवाज थकलेला होता, खाली बसलेला, मधे श्वास घेताना घरघर यायची. दोघे नंतर पेरूखाली बसून चहा प्यायले आणि अर्धा तास एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. जाताना बाबा मला म्हणाले, "मानूस चांगला हाये."

नियमाप्रमाणे गाणं आठ दिवस पडून राहिलं. सातव्या दिवशी शहापूरचा एक व्हिडिओ शूटिंगवाला लग्नाचा सिनेमा घेऊन साहेबांकडे आला. इथे थोडं तांत्रिक आहे, पण मलाही समजलं म्हणजे कोणालाही समजेल. आवाज साठवताना कॉम्प्युटर एका सेकंदाचे चव्वेचाळीस हजार शंभर तुकडे करतो. सिनेमावाल्यांना अठ्ठेचाळीस हजार लागतात. चव्वेचाळीसने साठवलेलं गाणं अठ्ठेचाळीसच्या वेगाने वाजवलं की ते लवकर संपतं आणि आवाज वर चढतो. काकाजींनी लग्नासाठी साहेबांना अठ्ठेचाळीसवर नेलं. परत आणायचं राहिलं.

आठव्या दिवशी बाबांचं गाणं साहेबांकडे गेलं. साहेबांनी रीतसर विचारलं. पडद्यावर चौकोन आला, हे कागद वेगळ्या मापाचे आहेत, आपल्या मापाचे करून घेऊ का? काकाजींनी "नाही" दाबलं. साहेबांनी खालच्या टेबलावरून आलेल्या कागदात फेरफार करायचा नसतो, हे त्यांच्या आयुष्याचं तत्त्व होतं. मी बाजूला उभी होते, खंजिरी हजर म्हणायच्या तयारीत. मीही पाहिलं आणि मलाही ते बरोबर वाटलं.

गाणं वाजलं आणि मी पडद्यावरचं नाव पुन्हा वाचलं. बाबा तिशीचे झाले होते. घरघर गेली होती, आवाज खडा, चाल झपाझप. मी काकाजींकडे पाहिलं. आठ दिवसांत त्यांचा कान सगळं विसरलेला होता, नियमाप्रमाणे. ते पट्ट्याकडे पाहत म्हणाले, "पानी पुलाखाली हाये." सही झाली. रजिस्टरमध्ये निकाली.

दिघोरीत ते गाणं दोन दिवसांत सगळ्यांच्या मोबाइलमध्ये गेलं. बाबांनी ते दिवसातून किती वेळा ऐकलं याची गणती नाही. शेळ्यांनाही पाठ झालं असेल. "पाह्य," ते मला म्हणाले, "मले वाटे गंज लागला. काही नाही लागला. धूळ होती नुसती." केस काळे केले. आणि मार्चमध्ये मंडळाची पोरं घरी आली. म्हणाली, काका, या वर्षी तुम्ही गा, ट्रॅक लावू. बाबांनी फक्त मान हलवली. पोरं गेल्यावर आत जाऊन आईला तीन वेळा सांगितलं.

मी एप्रिलच्या सुरुवातीला सुटी घेऊन गेले तेव्हा घरात वेगळंच चाललं होतं. ट्रॅकवर सराव सुरू होता. बाबांचे जुने सोबती, पेटीवाले काका, मांडी घालून बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर घाम होता. त्यांना गाण्याची पट्टी सापडत नव्हती. पांढरी दोन धरली तर पेटी खाली राहायची, काळी दोन धरली तर वर जायची.

"हे गानं दोन पट्ट्यायच्या मधात हाये गा," ते म्हणाले. "मधात पट्टीच नाही. मी बोट ठिवू कुठी?"

"पेटी जुनी झाली तुही," बाबा म्हणाले आणि पुन्हा गायला लागले.

मला गाणं ऐकवेना. तो वेग बाबांना झेपत नव्हता. वरच्या सुराला जाऊन आवाज फाटायचा, खोकला यायचा, पाणी प्यायचे, पुन्हा तिथूनच सुरू. संध्याकाळी मी टॉर्च लावून घसा पाहिला. आत लालभडक. मी म्हटलं, बाबा, आठ दिवस बोलूही नका, गाणं तर दूरच.

"काहून?" त्यांनी मोबाइल वर धरला. "हा गाऊ शकते तं मी काहून नाही गाऊ शकत? हा मीच होय ना?"

 चार वर्षांनी गाव त्यांना बोलावत होतं, आणि त्या मांडवात, सगळ्यांसमोर, त्यांचा आवाज त्यांच्याच ट्रॅकखाली फाटणार होता. मग पुढच्या वर्षी कोणी शेवटची खुर्चीही दिली नसती. दिली असती तरी त्यांनीच ती घेतली नसती.

मी अंगणात जाऊन काकाजींना फोन लावला. पेटीचं सांगितलं. ते म्हणाले, गाणं साहेबाच्या सहीनं गेलं हाये, रजिस्टरमंदी निकाली हाये, पेटीवाल्याची पेटी तपासा. मी म्हटलं, "रजिस्टर जाळा तुमचं. माह्या बापाचा घसा फाटून राहिला." आणि फोन ठेवला. इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी पहिल्यांदा असं बोलले होते आणि मला अजिबात वाईट वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी, ऊन डोक्यावर असताना, काकाजी दिघोरीच्या स्टँडवर उतरले. अंगात फुल शर्ट, बाह्या बटणबंद. एका धानाच्या पोत्यात साहेब, चादरीत गुंडाळलेला पडदा, काखेत रजिस्टर. साहेबांना भंडाऱ्यापासून खिडकीशेजारी बसवून आणलं होतं आणि स्वतः उभे राहून आले होते. मला पाहून म्हणाले, "सिस्टर, आधी त्यायले भेटू द्या. मंग पानी."

ते बाबांसमोर बसले नाहीत. उभे राहून रजिस्टर उघडलं आणि कचेरीत वाचतात तसं वाचलं. सदर गाणे साहेबांकडे आवक झाले असता साहेबांनी मापाबाबत विचारणा केली. निम्न स्वाक्षरीकाराने नकार दिला. त्यामुळे गाणे मूळ वेगापेक्षा अधिक वेगाने निघाले. चूक निम्न स्वाक्षरीकाराची आहे.

बाबांना पहिल्या फेरीत कळलं नाही. मी समजावून सांगितलं, चव्वेचाळीस, अठ्ठेचाळीस. ते मोबाइलकडे पाहत राहिले.

"मंग हा आवाज कोनाचा होय?"

"तुमचाच," काकाजी म्हणाले. "पन बसनं गेलेला. तुमी पायी गेले होते."

 बाबांचे काळे केलेले केस त्या क्षणी मला फार काळे दिसले. मला काकाजींचाही राग आला, खरं सांगते. एवढ्या उन्हात इतक्या लांब येऊन माणसाची तिशी परत मागून नेणारा मी दुसरा पाहिला नाही.

पेटीवाल्या काकांनी साहेबांना पोत्यातून काढलं. काकाजींनी जोडणी केली, माप चव्वेचाळीसवर आणलं आणि गाणं लावलं. खंजिरी सुरू झाली, सावकाश. मग आवाज आला. खालचा, जाड, प्रत्येक गावाशी थांबून श्वास घेणारा. श्वासात घरघर. कोणीतरी थकलेलं माणूस चालत होतं आणि त्याला पोचायचं होतं.

आई मागे चुलीपाशी होती. तिला यातलं काही माहीत नव्हतं; कारध्याहून कोणी पाहुणे आलेत एवढंच माहीत होतं. दुसरं कडवं चालू असताना ती दारात आली. हात ओले होते. तिने त्या ओल्या हातांनी पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढून घेतला, दाराच्या आड अर्धी झाली आणि खाली मान घालून उभी राहिली. आई घरात डोक्यावर पदर घेत नाही. ती असा पदर एकाच माणसासमोर घ्यायची, तिच्या सासऱ्यासमोर, आणि तो माणूस जाऊन चाळीस वर्षं झाली होती.

बाबांनी तिला पाहिलं. मग पडद्याकडे पाहिलं, जिथे हिरवा पट्टा वर-खाली होत होता. गाणं संपेपर्यंत कोणी हललं नाही. संपल्यावर आईने मान वर केली, आमच्या सगळ्यांकडे पाहिलं, कॉम्प्युटर पाहिला आणि म्हणाली, "मले वाटलं मामाजी." आणि आत गेली. पदर डोक्यावरच होता.

 बाबा काकाजींना म्हणाले, "बाप असाच चाले. घाई नाही करे." थोड्या वेळाने म्हणाले, "मले मालूम नव्हतं का तो माह्यातच हाये." आणि आणखी थोड्या वेळाने, "जयंतीले हेच लावजा."

पेटीवाले काका तेवढ्यात काळी एक धरून बसले होते आणि ती तंतोतंत लागत होती. पेटी पुढचे दोन तास त्यांनी मांडीवरून खाली ठेवली नाही.

जयंतीच्या कार्यक्रमाचं फार सांगण्यासारखं नाही. पोरांना गाणं मंद वाटलं. दोन-तीन जण मधेच उठून आइसक्रीमच्या गाडीकडे गेले. टाळ्या बेताच्या पडल्या. पण समोर सतरंजीवर बसलेल्या म्हाताऱ्या बाया बाबांच्या आधी पुढच्या गावाचं नाव घेत होत्या. बाबांचा आवाज कुठे फाटला नाही, कारण फाटावं लागेल इतका वर तो गेलाच नाही. घरी येऊन त्यांनी दोनदा भात घेतला.

काकाजी स्टेजच्या बाजूला साहेबांना घेऊन बसले होते. मी नंतर विचारलं, "काकाजी, लेव्हल कशी होती?"

ते वायरी गुंडाळत होते. म्हणाले, "पाह्यली नाही."

त्यानंतर बाबा आणखी तीन जयंत्या गायले. आता दोघेही नाहीत. काकाजी गेल्यावर त्यांच्या मुलाने तिन्ही कॉम्प्युटर भंगारात दिले, त्यात त्याचं काही चुकलं नाही. ते सुरूच होत नव्हते. बाबांचं गाणं मात्र वाचलं. काकाजींनी खंजिरी आणि आवाज वेगवेगळे, पहिल्या ठोक्यापासून काढून पेन ड्राइव्हवर ठेवले होते, त्यामुळे ते आता माझ्या भाचीच्या लॅपटॉपवरच्या कुठल्याही प्रोग्राममध्ये उघडतं. दोघे एका रेषेत उभे राहतात. माप चव्वेचाळीस ठेवावं लागतं, तेवढं मी तिला सांगून ठेवलं आहे.

रजिस्टर मुलाने मला आणून दिलं. म्हणाला, सिस्टर, यात तुमच्या बाबांचं नाव आहे. मी ते बरेच दिवस उघडलं नाही. मग एका रविवारी पान काढलं. चुकीच्या नोंदीवर लाल शाईने आडवी रेघ आणि सही. तिच्याखाली पट्टीने आखून घेतलेला एक नवीन रकाना, माप, त्यात चव्वेचाळीस. मग दिघोरीची तारीख, गाण्याचं नाव, खंजिरी, गायक म्हणून बाबांचं नाव. शेऱ्याच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत सगळीकडे निकाली आहे. या एका ओळीत निकाली लिहिलेलं नाही. तिथे लिहिलं आहे, "गायकाचे वडील हजर."

खाली सही आहे, ठळक आणि सरळ. फुल शर्ट घालूनच केली असणार.